नवसाबाईचे दर्यावरचे कोट

देवळाली कॅम्पात शिंप्यांना कधीच तोटा नव्हता. जिथे तोफखान्याचे जवान तिथे वर्दी, आणि जिथे वर्दी तिथे शिंपी. पण रबर चढवलेल्या कापडाला हात लावायला त्यांच्यातला एकही तयार नसायचा. ते कापड मशीनच्या पायाखाली चिकटतं, सुई तापते, धागा तुटतो, आणि एवढं करून गिऱ्हाईक आठवड्याने परत येऊन म्हणतं की गळतंय. त्यामुळे बरसाती फाटली की जवान बिचारा बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नकार ऐकत यायचा आणि शेवटी नवसाबाईच्या पत्र्याच्या टपरीसमोर उभा राहायचा.

टपरी माझ्या दुकानाला चिकटून होती. माझं दुकान चेन, बटणं, लेस आणि दोऱ्याचं. लोक मला सोमनाथशेट म्हणतात. शेट म्हणावं असं त्यात काही नाही. चांदवडला भाऊबंदांबरोबर कांद्याच्या चाळीत आयुष्य घालवायचं नव्हतं, म्हणून इथे येऊन दुकान टाकलं इतकंच. नवसाबाई चेन आणि दोरा माझ्याकडून घ्यायची आणि बदल्यात मला दिवसभर नावं ठेवायची.

ती सुरगाण्याच्या बाजूची, डोंगरातली. नवऱ्याबरोबर कॅम्पातल्या बंगल्यांच्या बांधकामावर आली होती. नवरा काविळीने गेला. आईबाप आधीच गेलेले. मागे राहिला तो धाकटा भाऊ लखन, चड्डीतला. त्याला तिने गावाहून आणलं आणि इथेच वाढवलं. विटा वाहून भागेना, म्हणून एका म्हाताऱ्या शिंप्याकडे काज-बटणाला बसली. त्याची नजर गेली तेव्हा त्याचं मशीन तिने घेतलं. वर्दी शिवायला तिच्याकडे कोण येणार? मग जे दुसरे करत नव्हते ते तिने धरलं.

एवढ्यावरून ती कुणी सोशिक, मान खाली घालून शिवत बसणारी बाई असेल असं समजू नका. तिची जीभ कात्रीपेक्षा बरी चालायची. एकदा एका सुभेदाराने बरसातीचं माप देताना पोट आत ओढलं, तर म्हणाली, "साहेब, पाऊस काय पोट बघून पडतो का? सोडा." सुभेदार लाल झाला, पण पुढची बरसातीही त्याने तिच्याकडेच शिवली.

कारण ती शिवायची ते गळायचं नाही. सुईने कापडाला भोक पडतं आणि पाणी त्या भोकातूनच आत येतं, हे काही गुपित नाही. ती प्रत्येक शिलाईवर आतून त्याच कापडाची पट्टी लावायची. पंक्चरवाले वापरतात ते रबराचं सोल्युशन दोन्हीकडे लावून, वाळू देऊन, वरून कोमट इस्त्री. आणि मग परीक्षा. तयार बरसाती नळाखाली टांगायची, आत नागलीचा पापड ठेवायचा आणि नळ सोडून चहा प्यायला माझ्याकडे यायचं. चहा झाला की पापड काढून मोडायचा. कडकन मोडला तर माल पास. वाकला तर सगळी शिलाई उसवायची. पापड वाकलेला मी फार थोड्या वेळा पाहिला, आणि तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये हेही शिकलो.

लखन मोठा झाला आणि गावच्या पोरांबरोबर आधी द्राक्षांच्या छाटणीला जाऊ लागला. नव्वदच्या पुढच्या त्या वर्षांत त्यांच्या गावाकडे झिपरू नावाचा मुकादम यायचा आणि पोरं गुजरातच्या बंदरांवर, मासेमारीच्या बोटींवर न्यायचा. नारळी पौर्णिमेनंतर जायचं आणि उन्हाळ्यात भात-नागलीच्या कामाला परत यायचं. ज्यांनी नदीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं ती पोरं दर्यावर जाळी ओढू लागली. लखनही गेला. नवसाबाईने आठ दिवस त्याच्याशी अबोला धरला आणि नवव्या दिवशी त्याचं माप घेतलं.

तो पहिला कोट मला चांगला आठवतो. पाठ दुहेरी, खांदे तिहेरी, समोर साधी बटणं. तिचं बरोबरच होतं. त्यांच्या डोंगरात भाताची रोपं लावताना, आवणीला, माणूस दिवसभर वाकलेला असतो, पाऊस पाठीवर घेतो. तिचा बाप इरली विणायचा. इरलंही काय, पाठीवर पांघरायचं छप्पर, समोरून उघडंच. पाऊस म्हणजे पाठीवर पडणारी गोष्ट, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

लखन होळीला आला. तिने कोट कसा झाला विचारलं.

"पाठ कोरडी ठाक," तो म्हणाला. "पोट सगळं भिजलं."

"पोट कसं भिजंल?"

"दर्याचं पाणी वरून नाय येत, ताई. समोरून थोबाडीत मारतं. खालून येतं. जाळं ओढाया हात वर केला का बाहीतून काखेपर्यंत जातं."

"मंग उलटा घालायचा व्हता," ती म्हणाली आणि आत निघून गेली. पण त्या दिवसापासून तिला चैन पडेना. आपण शिवलेल्या कपड्यात पाणी गेलं, आणि तेही लखनच्या अंगावर, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. मला दोनदा विचारलं, "भाऊ, तुम्ही दर्या बघितलाय. पाणी समोरून येतं?" मी मुंबईला एकदा चौपाटीवर भेळ खाल्लेली. मी म्हणालो, "येत असेल."

पुढे एक मेजरसाहेब तिच्याकडे आले. त्यांना शिडाच्या बोटीचं वेड होतं. सुट्टी मिळाली की मुंबईला जाऊन शिडाची होडी घेऊन कुठेकुठे जायचे, आणि एका मोहिमेत दूरच्या समुद्रातही जाऊन आले होते. त्यांचे दोन परदेशी कोट होते आणि दोन्हीच्या आतल्या पट्ट्या सुटल्या होत्या. मुंबईत कुणी हात लावेना, म्हणून कॅम्पात कुणीतरी त्यांना नवसाबाईचं नाव सांगितलं.

तिने कोट हातात घेतले आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला नाव ठेवायचं विसरली. उलटसुलट करून, बाहीत हात घालून, नाक लावून वास घेऊन पाहिलं.

"दोन कशाला?" तिने विचारलं.

साहेब मराठी चांगलं बोलायचे. ते म्हणाले, "हा आखूड किनाऱ्याजवळचा. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. हलका असतो, अंगाला घाम येत नाही, हालचाल सोपी. हा लांब दूरच्या समुद्राचा. तिथे एकदा भिजलात की वाळायला जागा नाही. दिवस दिवस ओलं राहायचं, थंडी हाडात जाते, आणि थंडी वाजलेला माणूस चुका करतो. म्हणून कॉलर पार नाकापर्यंत, मनगटाला आत दुसरी बाही, चेनवर दोन पट्ट्या, आणि खाली छातीपर्यंतची पँट."

"म्हंजे जितकं लांब जायचं तितकं अंग जास्त झाकायचं."

"हं. आणि लोकं नेमकं उलटं करतात. स्वस्त पडतो म्हणून आखूड घेतात आणि लांब जातात."

कोट दोन दिवसांत देते म्हणाली आणि दोन आठवडे ठेवले. साहेबांचा जवान रोज येऊन जायचा. ती रोज त्याला सोल्युशन वाळलं नाही म्हणून सांगायची. खरं म्हणजे तिने लांब कोट आतून जवळजवळ सगळा वाचून काढला होता. वर्तमानपत्राच्या कागदावर त्याचे सगळे तुकडे उतरवले. मनगटाची आतली बाही कशी बसवलीय ते बघायला एक टाका उसवला आणि परत घातला. माझ्याकडून पितळी चेन घ्यायची, ती बंद केली. खाऱ्या पाण्यात पितळी चेन गंजून अडकते, साहेबांच्या कोटाला मोठ्या दातांची प्लास्टिकची आहे, तशी आणा, म्हणाली. मला त्यासाठी सुरतेला जावं लागलं. तिने आभार वगैरे मानले नाहीत. दात वेडेवाकडे आहेत म्हणाली.

साहेबांचा तो लांब कोट तांबडा होता आणि त्याची टोपी पिवळीजर्द. बाजारातल्या लोकांना त्याची भारी गंमत वाटली. वर्दीच्या गावात असं काही कुणी घालत नाही. नवसाबाई म्हणाली, "साहेब लोकांचा शौक. सुट्टीत तरी रंगीत घालावंसं वाटत आसंल." मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. साहेबांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता ते तरी कशाला सांगतील?

लखन तोवर मोठ्या बोटीवर लागला होता. पूर्वी त्याची बोट संध्याकाळी बंदरात यायची. आता बर्फ भरून निघाली की किनारा दिसेनासा होईपर्यंत जायची आणि पंधरवड्याने यायची. त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी टपरीत बहीण-भावाचं कडाक्याचं भांडण झालं. लखनला आखूड कोट हवा होता. जाळं ओढताना लांब कोट पायात येतो, इंजिनापाशी उकडतं, बोटीवरची पोरं हसतील.

"पोरं हसली तर हसू दे," ती म्हणाली. "तू दूर जातो ना? मंग दूरचा कोट. आखूड पायजे तर बंदरावरच बस मासळी निवडत."

"बरं लांब तर लांब. पण पिवळं कापड घे. बोटीवर समद्यांचे पिवळेच हायेत. बोट चालवतो तो तांडेलबी म्हणला पिवळा आण."

"हळदीला बसायचंय का तुला?"

मग तिने कापडं आणली. बाजारात मिळत होतं ते चकचकीत पिवळं प्लास्टिक, ट्रकवर टाकतात ती ताडपत्री, आणि ओजी. ओजी म्हणजे लष्कराचं गडद हिरवं कापड. सरकारी मालातून उरलेले तागे कॅम्पात मिळतात. तिन्हींचे तुकडे तिने मिठाच्या पाण्यात घालून टपरीच्या पत्र्यावर उन्हात वाळवले, परत भिजवले, परत वाळवले. दुमडून दुमडून घडी तडकते का पाहिलं. आमचा चहा त्या दिवसांत याच विषयावर व्हायचा. पिवळं प्लास्टिक आठवड्यात पापुद्र्यासारखं सुटलं. ताडपत्री टिकली, पण ती घालून माणूस हात वर करू शकला नसता. ओजीला काही म्हणजे काही झालं नाही. कॅम्पात जन्म घालवलेल्या माणसाला त्यात नवल नव्हतं. ओजी म्हणजे चांगल्यातलं चांगलं. ते घालून जवान चिखलात, काट्यात, बर्फात झोपतो. त्याहून भारी कापड असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

तो कोट तिने जीव ओतून शिवला. नाकापर्यंत कॉलर, मोठी टोपी, मनगटाला रबर घातलेली आतली बाही, छातीपर्यंतची पँट, आणि शिलाई अशी की नखही लागू नये. लखनला तो घालून नळाखाली उभा केला, मग समोरून बादल्या मारल्या. मीही दोन मारल्या. आत खिशात, काखेत, पोटाशी पापड ठेवले होते. सगळे कडकन मोडले. लखन ते तिथेच कच्चे खाऊन हसत होता. नवसाबाई हसली नाही, पण मला म्हणाली, "आता जाऊ दे त्याला." इतके दिवस तिच्या छातीवर जे ओझं होतं ते उतरल्यासारखी ती त्या दिवशी दिसली.

कोटाचं नाव झालं. लखनबरोबरचे बारकू आणि भिकन, दोघंही त्यांच्याच गावचे, पुढच्या वर्षी स्वतः कॅम्पात आले. लखन भर हिवाळ्यात कोरडा असतो आणि आम्ही कुडकुडतो, आम्हालाही तसाच पाहिजे, म्हणाले. तिने दोघांना तसेच शिवून दिले, तेच ओजी. बारकू उंच म्हणून त्याचा जरा लांब. मी चेष्टेने म्हणालो, "नवसाबाई, आता तुमची पलटण झाली." तिला ते आवडलं.

दोन हजार एक साली संक्रांत होऊन गेल्यावर लखन अचानक कॅम्पात उगवला. होळी सोडली तर मोसमाच्या मध्यात तो कधी येत नसे. अंगाने उतरला होता, आवाज बसलेला. सुट्टी दिलीय म्हणाला. बाजार भरलेला होता, मी दुकानाच्या पायरीवर होतो, ती मशीनवर. त्याच्या हातात फक्त एक पिशवी पाहून तिने पहिला प्रश्न केला तो हा.

"कोट कुठंय?"

"गेला."

"गेला म्हंजे? विकला?"

"नाय गं. पडलो व्हतो पाण्यात."

त्याने सांगायला सुरुवात केली ती गंमत सांगावी तशी. पहाटे जाळं ओढताना पाय घसरला, आणि बोट पुढे गेली तरी कुणाला पत्ता नाही. उजाडल्यावर तांडेलाने माणसं मोजली आणि बोट फिरवली. बरोबरची आणखी एक बोट होती, तीही फिरली. लखन पाण्यावर होता. कोटात हवा धरली होती, कॉलर गच्च होती, आत पाणी फारसं गेलं नव्हतं. "ताई, खरं सांगतो, दर्यात पडून बी माझी छाती कोरडी व्हती," तो म्हणाला.

मशीन थांबलं होतं. नवसाबाईचा चेहरा अभिमानाने फुलला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"मंग काढला कशाला?"

लखनने बसलेल्या आवाजात सांगितलं. बोट त्याच्या जवळून गेली. इतकी जवळून की त्याला बारकूचं तोंड दिसलं. बारकू थेट त्याच्याकडे बघत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. लखन ओरडला, पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार? बोट वळून परत आली आणि परत तशीच गेली. दुसरी बोटही तशीच. पाणी गडद हिरवं, लाटेची सावली गडद हिरवी, आणि त्यात हा.

"आत मी बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेला तो पिवळा टी-शर्ट घातला व्हता. मला सुचलं. चेन उघडली, कोट काढला, पाणी पिलो लय, पण काढला. सोडून दिला. टी-शर्ट काढून हलवत राह्यलो. तवा दिसलो." तो थांबला. मग कोट हरवल्याबद्दल बहीण रागावू नये म्हणून असेल, पण म्हणाला, "कोट चांगलाच व्हता, ताई. फक्त दिसत नव्हतो."

समोरून जवानांची एक तुकडी बाजारातून चालली होती, सगळे ओजीत. न दिसण्यासाठीच ते कापड विणलेलं असतं. ही गोष्ट कॅम्पातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. आमच्या तिघांपैकी कुणी ती दर्याला लावून पाहिली नव्हती. नवसाबाई लखनच्या जवळ आली, त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि मग अशी रडली की शेजारची भांड्यांच्या दुकानातली बाई धावत आली. तिला वाटलं कुणी गेलं.

रडणं थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, "बारकू आन् भिकनच्या अंगावर तेच हाय ना?"

ते दोघे दर्यावरच होते. बोट चार-पाच दिवसांनी बंदरात येणार होती, मासळी उतरवून बर्फ भरून लगेच परत जाणार होती. बंदरावर निरोप पाठवावा म्हटलं, तर कुणाला? आणि निरोप काय पाठवायचा? अंगावरचा एकुलता एक कोरडा कोट टाकून द्या? लखन म्हणाला, "नाय टाकणार. मी सांगून बघितलं. बारकू म्हणतो, पडायचं कोणी ठरवून पडतं का, थंडी तर रोज वाजती."

दुसऱ्या दिवशी ती नाशकात रविवार कारंजावर गेली. मला बरोबर नेलं, कारण रंगाच्या बाबतीत तिचा आता स्वतःवर विश्वास उरला नव्हता. दुकानदाराला म्हणाली, तुझ्याकडे सगळ्यात भडक काय असेल ते काढ. त्याने हातगाडीवाल्यांच्या मोठ्या छत्र्यांचं नारिंगी कापड काढलं. तिने ते मला दिलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. मधून रिक्षा, सायकली, माणसं जात होती. मग तिने मला आणखी लांब जायला सांगितलं. लोक बघत होते. मी गेलो. तिथून तिने हात वर केला, दिसतंय म्हणून.

कापड हातात घेतल्यावर तिचा चेहरा पडला, कारण माल सुमार होता. वरचा मुलामा पातळ, वीण सैल. पण तिने घेतलं.

बोट यायच्या बेताने ती स्वतःच लखनला घेऊन बंदरावर जायला निघाली. मला सुरतेला माल आणायला जायचंच होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो. पेठवरून, धरमपूरवरून, दोन एसट्या बदलत आम्ही वलसाडच्या पुढच्या त्या बंदरावर पोचलो. नवसाबाई आयुष्यात पहिल्यांदा समुद्रापाशी आली होती. मला वाटलं होतं ती बघत राहील. तिने एकदा पाहिलं आणि "हिरवंच हाय," एवढं म्हणाली. मग ती बोट कुठली ते विचारत धक्क्यावरून चालू लागली.

बोट सकाळीच आली होती. मासळी उतरली होती, बर्फ चढत होता. भरती संपायच्या आत निघायचं होतं, म्हणजे हातात फार वेळ नव्हता. बारकू आणि भिकन तिला बघून चकित झाले. कोट द्या म्हणाली. त्यांनी दिले. तिने धक्क्यावरच, मासळीच्या टोपल्या बाजूला सारून, फतकल मारली आणि कात्रीने दोन्ही कोटांच्या टोप्या कापून टाकल्या.

बारकू ओरडला. साहजिक होतं. एवढा चांगला कोट.

"ताई, काय करता! लखननं सांगितलं आमाला. पुढच्या खेपेला कॅम्पात आणून देतो, मशीनवर नीट करून द्या."

"पुढच्या खेपेला नाय. आता."

तांडेल वरून बघत होता. चांगला दाढीवाला, वयस्कर माणूस. लखनने त्याला गुजरातीत काहीतरी सांगितलं. त्याने बर्फवाल्यांना सावकाश चालू द्या अशी खूण केली आणि आत जाऊन बसला.

नारिंगी टोप्या तिने कॅम्पात कापून, जोडून आणल्या होत्या. त्या कोटाला लावायच्या होत्या, शिवाय खांद्यांवर आणि पाठीवर रुंद पट्ट्या. मशीन नव्हतं, इस्त्री नव्हती. सोल्युशन आणलं होतं, पण ते वाळायला वेळ नव्हता, आणि खाऱ्या ओल्या कापडावर ते धरतही नव्हतं. एकदा लावून पाहिलं, तर सालपटासारखं निघून आलं. मग तिने डबा बाजूला ठेवला आणि दाभणात दोरा ओवला.

एका कोटाला तिने मला बसवलं, पट्ट्या धरायला. दाभण ओजीतून जाताना आवाज येत होता. ज्या खांद्यांवर टाक्याची एकही जागा उघडी राहू नये म्हणून ती रात्रंदिवस झटली होती, त्याच खांद्यांवर ती आता मोठमोठे टाके घालत होती. आरपार, आणि आतून पट्टी नाही. प्रत्येक टाक्याला दोन भोकं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मधेच डोळे भरून आले की बाहीने पुसायची, आणि पुन्हा दाभण. मला ते बघवत नव्हतं, हे मी खरंच सांगतो. मी तिला इतकी वर्षं शिवताना पाहिलं होतं, पण असं वाईट काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

बारकूचा कोट आधी झाला. त्याने तो घेतला, उजेडासमोर धरला. खांद्यावरच्या भोकांच्या रांगेतून उजेड आला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हे गळंल."

"गळंल," नवसाबाई म्हणाली, आणि भिकनचा कोट मांडीवर ओढून घेतला.